खांबेट्यांचा रिपोर्ट

"आणि यांचा रिपोर्ट?" डॉक्टर पद्मजा सबनीसांनी फाइलीतली पानं पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "हेमलता, तुझे तर ढीगभर कागद आहेत इथे. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला. यांचा एकसुद्धा नाही. तपासणी झाली होती ना?"

"झाली की. मागच्या वर्षीच. नॉर्मल आहे."

"कोण म्हणालं?"

"हेच म्हणाले."

डॉक्टरांनी चष्म्यावरून श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडे असा एकटक बघत होता, की जणू आता त्या बाळानेच उत्तर द्यायचं आहे.

"घरी आहे," तो म्हणाला. "आणतो."

"परवा येताना आणाच. गुरुवारी दुर्बिणीची तपासणी आहे. भूल द्यायची, पोटाला भोक पाडून आत बघायचं, काही गंमत नव्हे ती. फाइल पूर्ण असल्याशिवाय मी हात लावत नाही."

घरी कुठला असायला! रिपोर्ट होता वेधशाळेत, श्रीरंगच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या नोंदवह्यांच्या तळाशी, आणि खणाची किल्ली त्याच्या जानव्याला. श्रीरंग खांबेटे हा तसा खोटं बोलणारा माणूसच नव्हे. तोवर आयुष्यात दोनदा बोलला, ते दोन्ही वेळा या एका कागदाबद्दल.

त्याचं असं झालं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलेना, तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याची वीर्यतपासणी सांगितली. ऐंशी सालानंतरची ती दिल्ली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारा, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला झांजा वाजवणारा माणूस असल्या तपासणीला जातो म्हणजे काय! श्रीरंग चार महिने टाळत राहिला. शेवटी अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी गुपचूप जाऊन आला. आठवड्याने एकट्यानेच काउंटरवरून पाकीट घेतलं आणि जिन्यात उभं राहून फोडलं. बाकीचे आकडे त्याला दिसलेसुद्धा नाहीत. एकच ओळ दिसली. शुक्रजंतूंची हालचाल, शून्य टक्के.

शून्य! तो जिन्याच्या पायरीवर बसला. येणारेजाणारे त्याला वळसा घालून गेले. संध्याकाळी हेमलताने विचारलं, "काय आलं हो?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नॉर्मल." निघून गेलं ते गेलंच. मग दुसऱ्या दिवशी सांगू, रविवारी सांगू, दिवाळीनंतर सांगू असं करता करता तेरा महिने झाले. आणि या तेरा महिन्यांत हेमलताच्या हाताला सुया टोचल्या, कडू गोळ्यांनी तिचं तोंड आलं, नळ्यांच्या एक्स-रेच्या वेळी ती टेबलावर कळवळून ओरडली. श्रीरंग बाहेरच्या बाकावर होता. तिचं ओरडणं त्याला स्वच्छ ऐकू आलं, आणि तरीही हा बाबा मूग गिळून बसला. राग येतो ना? यावाच.

घरी पोचले तेव्हा सुमित्राबाई, म्हणजे श्रीरंगची आई, ओट्याशी मेथी निवडत होत्या. बाई वाईट नव्हत्या. सुनेचं डोकं दुखलं तर आपल्या हाताने तेल चोळायच्या. पण तोंडाला लगाम नव्हता.

"काय म्हणाली तुझी डॉक्टरीण?"

"परवा पोट तपासायचंय, आई. दुर्बिणीने."

"अच्छा. म्हणजे अजून काही तरी आहेच तुझ्यात," सुमित्राबाईंनी सुस्कारा टाकला. "आमच्या घराण्यात कुणाला असं कधी नव्हतं बाई. त्याच्या बापाला पाच, काकाला सात. बिचारा श्रीरंग, एका शब्दाने बोलत नाही तुला. दुसरा असता तर..."

हेमलताने कपाटावरची लहान बॅग काढली आणि परवासाठी दोन साड्या, टॉवेल, कंगवा भरायला घेतलं. भरता भरता हळूच श्रीरंगला म्हणाली, "भुलीतून उठले नाही तर हो?"

"काहीतरीच काय!" तो ओरडला. इतक्या जोरात ओरडला, की मेथीची जुडी सोडून सुमित्राबाई दाराशी आल्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, श्रीरंग नेहमीप्रमाणे साडेअकराच्या वाचनाला वेधशाळेच्या हिरवळीवर होता. पांढऱ्या लाकडी पिंजऱ्याचं दार उघडायचं, श्वास रोखून आतल्या तापमापकांवर नजर लावायची, आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्णांक. बारा वर्षं तो हे करत होता. श्वासाच्या उबेने पारा चढू नये म्हणून तोंडापुढे रुमाल धरणारा तो खात्यातला एकटाच. त्याला सगळे हसायचे, आणि त्याची नोंद मात्र डोळे झाकून मान्य करायचे.

आत येऊन वही उघडली तर कालच्या दुपारची अडीचची जागा कोरी.

"श्याम, हे काय?"

"अरे यार, कल मैं कैंटीन में रह गया," त्याचा जोडीदार श्याम टेबलावर पाय टाकून चहा पीत होता. "बाईस चार लिख दो. आगे-पीछे का देख के इतना ही बनता है. कौन देखता है?"

"जो पढ़ा नहीं वो लिखूँ?" श्रीरंगचा आवाज एकदम चढला. "झूठ लिखूँ? इस किताब में?"

"झूठ क्या, अंदाज़ा है. किसका क्या बिगड़ेगा?"

श्रीरंग तोंड उघडून तसाच उभा राहिला. तावातावाने काय काय बोलणार होता तो! बावीस पूर्णांक चार या एका आकड्यासाठी त्याचं रक्त उसळलं होतं, आणि उद्या सकाळी त्याच्या खोटेपणापायी बायकोचं पोट फाडणार होते. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

त्याने कोऱ्या जागेत "वाचन घेतले नाही" असं लिहिलं. खाली बसला, खण उघडला, नोंदवह्या भराभर जमिनीवर काढून टाकल्या आणि तळाचं पाकीट खिशात घातलं.

"कहाँ चले?"

"घर का काम है. अडीचचं आणि साडेपाचचं तू घे. आणि पढ़के लिखना!" मराठी-हिंदीची सरमिसळ करत तो स्कूटरकडे धावलाच.

हेमलता एका मंत्रालयात क्लार्क होती. हिवाळ्यात दुपारच्या सुटीत दिल्लीची सगळी सरकारी कचेरी हिरवळीवर येऊन पसरते. कुणी मुळा खातं, कुणी शेंगदाणे फोडतं, बायका लोकर घेऊन बसतात. हेमलताही उन्हाला पाठ करून मैत्रिणींच्या घोळक्यात विणत बसली होती. समोर श्रीरंगला बघून तिच्या सुया थांबल्या.

"आईंना काही झालं का?"

"नाही. जरा इकडे ये."

कुंपणाकडच्या कडुनिंबाखाली तो तिला घेऊन गेला. पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हा माझा रिपोर्ट. मी खोटं बोललो होतो. तुझ्यात काही नाही हेमा, जे आहे ते माझ्यात आहे."

तिने वाचलं. इंग्रजी होतं, तरी शून्य कळायला काय लागतं! तिने कागदावरची तारीख पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"तेरा महिने," ती म्हणाली.

"हो."

"त्या नळ्यांच्या एक्स-रेच्या आधीचा आहे हा."

"हो."

"तुम्ही बाहेर बसला होतात. मी ओरडत होते. तुम्हाला ठाऊक होतं?"

श्रीरंगने मान खाली घातली. तिने मारली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हिरवळीवरच्या बायका बघत होत्या. डोळे तिने पुसलेसुद्धा नाहीत.

"मला वाटायचं मीच वांझ आहे," ती म्हणाली. "आई बोलायच्या, मी ऐकून घ्यायचे. वाटायचं, हा माणूस किती चांगला, एका शब्दाने टोचत नाही. अहो, मी तुमचे उपकार मानत होते! रोज मानत होते."

"हेमा..."

"मूल नसतं झालं तरी मी राहिले असते तुमच्याबरोबर. एवढाही भरवसा नाही वाटला तुम्हाला?"

तिने नाक शिंकरलं, पदर खोचला.

"चला. डॉक्टरांकडे. आजच. आणि तुम्ही सांगायचं, मी नाही."

डॉक्टर सबनीसांनी रिपोर्ट वाचला. श्रीरंगने चुकतमाकत सगळं सांगितलं आणि आता शिव्या बसणार म्हणून अंग चोरून बसला. पण डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली होती ती वेगळीच.

"नमुना कुठे दिलात?"

"म्हणजे... घरीच. तिथे लाज वाटली. मग बाटली घेऊन गेलो."

"किती वाजता?"

"सातला निघालो. काउंटर साडेनऊला उघडलं."

"अडीच तास! आणि तोवर बाटली कुठे होती?"

"स्कूटरच्या डिक्कीत. स्वच्छ रुमालात गुंडाळून," श्रीरंग म्हणाला. तो भाग आपण तरी नीट केला, असं त्याला वाटत होतं.

"जानेवारीत? दिल्लीत? किती थंडी होती त्या दिवशी?"

"किमान तीन पूर्णांक चार," श्रीरंगने ताडकन सांगितलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो खांबेटे! वेधशाळेत आहात ना तुम्ही? पाऱ्याला तुमचा श्वास लागू नये म्हणून रुमाल धरता म्हणे. हेमलताने सांगितलंय मला. आणि हे जिवंत जीव, शरीराच्या उबेत राहणारे, ते तुम्ही अडीच तास गारठ्यात ठेवलेत? हलतील कसे? गारठलेत बिचारे!"

हेमलता दिवसभरात पहिल्यांदा हसली. हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला, कारण ती त्याला इतक्यात माफ करणार नव्हती.

"म्हणजे मी... नॉर्मल?" श्रीरंगने विचारलं.

"तेही म्हणत नाही मी. हा कागद रद्दी आहे, एवढंच म्हणते. नमुना इथेच द्यायचा, नाहीतर शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाच्या आत पोचवायचा. आधी तीन दिवस संयम. आणि एका रिपोर्टवर कुणाचं नशीब ठरवायचं नसतं, काही आठवड्यांनी दुसरा करायचा. काउंटरवरून पाकीट घेऊन पळालात, मला एकदा दाखवलं असतंत तर पाच मिनिटांचं काम होतं." मग त्या हेमलताकडे वळल्या. "आणि चूक माझीही आहे बाई. यांचा कागद बघितल्याशिवाय मी तुला पुढे पाठवायलाच नको होतं. जोडप्यात निम्म्याच्या आसपास वेळा पुरुषाकडेही काही ना काही असतं. उद्याची दुर्बीण रद्द."

रद्द! हेमलताने खुर्चीचा हात घट्ट धरला. तिला एकाएकी सडकून भूक लागली.

पुढच्या महिन्यात दोन तपासण्या झाल्या. शुक्रजंतू हलत होते, पण शंभरातले वीसेक, आणि संख्याही कमीच. डॉक्टरांनी श्रीरंगला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी उभं करून तपासलं आणि विचारलं, "बाईं तरफ़ भारीपन कब से है?"

"बीस साल का था तब से," श्रीरंग पुटपुटला. बापाला सांगितलं नव्हतं, मित्राला नाही, बायकोला नाही. असल्या जागेचं दुखणं सांगायचं तरी कुणाला?

वृषणाच्या शिरा फुगल्या होत्या, उभं राहून राहून काहींच्या पोटऱ्यांवर फुगतात ना, तशाच. तिथे रक्त साचतं, जागा गरम राहते, आणि बीज धरत नाही. लहानशी शस्त्रक्रिया, दोन दिवसांत घरी. "थंडीनेही तुम्हीच मारलेत आणि उष्णतेनेही," डॉक्टर सबनीस म्हणाल्या. "तुमचं प्रकरण सगळं तापमानाचंच आहे बघा! हमी देत नाही हं मी. पुष्कळांचे आकडे सुधारतात, सगळ्यांना मूल होतंच असं नाही. आणि नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारू नका."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हेमलता म्हणाली, "आईंना सांगा."

"सांगतो," श्रीरंग म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. सुमित्राबाई वरणाला फोडणी देत होत्या. "आई, उद्या माझं छोटं ऑपरेशन आहे." "अगं बाई! कसलं रे?" श्रीरंगने तोंड उघडलं. मागे हेमलता पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"हर्नियाचं," तो म्हणाला.

लाटणं पुन्हा फिरायला लागलं. हेमलता एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ते न बोलणं त्याच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

तीन महिन्यांनी आकडे चढले. सहा महिन्यांनी आणखी चढले. श्रीरंगने त्याचा आलेखच काढला, खात्याच्या चौकटीच्या कागदावर, आणि डॉक्टरांना नेऊन दाखवला. डॉक्टरांनी तो फाइलीला लावून घेतला. आणि वर्ष उलटल्यावर एका सकाळी हेमलता दिवस गेल्याचा कागद घेऊन वेधशाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. श्रीरंग साडेआठचं वाचन घेत होता. त्याने वाचन पूर्ण केलं, वहीत नीट लिहिलं, आणि मग भर हिरवळीवर श्यामला मिठी मारून उचललं. "अबे, हुआ क्या?" श्याम ओरडत राहिला.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी क्वार्टरमागच्या हिरवळीवर बारसं. जानेवारीचं कोवळं ऊन, सतरंज्या, दारात रांगोळी, मंडळाच्या बायका आणि पुरुष मिळून चाळीसेक माणसं. आत्याने कानात नाव सांगितलं, अलकनंदा. घुगऱ्यांच्या पुड्या फिरल्या. हेमलता कानाला फडकं बांधून, मुलीला मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या मधोमध बसली होती, आणि सुमित्राबाईंचा आनंद तर नुसता ओसंडत होता.

"किती सोसलंय आम्ही, काय सांगू मीनाक्षी!" त्या शेजारच्या मीनाक्षीबाईंना सांगत होत्या, पण ऐकत होती सगळी हिरवळ. "आठ वर्षं! किती औषधं, किती तपासण्या हिच्या. माझ्या श्रीरंगने मोठ्या मनाने सांभाळून घेतलं. अखेर हिच्यातला दोष गेला बाई एकदाचा, सुटले मी."

हेमलताने मुलीच्या अंगावरची शाल सारखी केली. वर पाहिलं नाही.

श्रीरंग पत्रावळी मांडत होता. हातातला गठ्ठा त्याने खाली ठेवला.

"आई," तो म्हणाला. कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, आणि ते जरा जास्तच मोठ्याने झालं. "आई, हिच्यात कधीच दोष नव्हता. माझ्यात होता. माझं ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं. मूल होत नव्हतं माझ्यामुळे, त्यासाठीचं होतं. आणि हे मला ठाऊक असून तेरा महिने मी हिला सुया टोचून घेऊ दिल्या. सांभाळून घेतलं ते हिने, मी नाही."

पुरुषांच्या बाजूला राजाभाऊ, मीनाक्षीबाईंचे यजमान, मंडळातले अट्टल थट्टेखोर. त्यांची नजर सतरंजीवर खिळली. कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि त्याला गप्प करायचं कुणाला सुचेना. पण खरं सांगायचं तर इतकं हलकं श्रीरंगला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

सुमित्राबाई सुनेकडे वळल्या. "तू मला का नाही सांगितलंस?"

"माझं नव्हतं ते सांगायचं," हेमलता म्हणाली. साधंच म्हणाली, तक्रारीचा सूरही नव्हता.

तेवढ्यात मीनाक्षीबाईंनी घसा खाकरला. त्यांची मुलगी सुधा पानिपतला दिलेली, चार वर्षं झाली होती लग्नाला, आणि सासरचे तिला गावोगावच्या वैद्यांकडे फिरवत होते.

"हेमलता, त्या डॉक्टरांचा पत्ता देशील का ग?"

"देते ना. सुधाला पाठवताय?"

"तिला नाही," मीनाक्षीबाई नवऱ्याकडे बघत ठणकावून म्हणाल्या. "जावयाला!"

आधी राजाभाऊच हसले, मग सगळी हिरवळ. श्रीरंग कागद शोधायला लागला, कुणी पेन पुढे केलं. आणि मग एक गंमत झाली. पत्ता उतरवून घ्यायला एकाऐवजी तीन बायका पुढे आल्या, आणि मागून एक पुरुषसुद्धा, म्हणे मित्रासाठी हवाय.

सुमित्राबाई या घोळक्यात नव्हत्या. त्या आत गेल्या आणि ताट वाढून घेऊन आल्या. नातीला सुनेच्या मांडीवरून उचलून त्यांनी श्रीरंगच्या हातात दिली. "धर. उभा राहा घेऊन." मग हेमलतापुढे ताट ठेवून, गुडघ्यावर हात टेकत तिच्यासमोर खाली बसल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "फार बोलले मी तुला. जेव आता."

हेमलता जेवायला लागली, सावकाश, घास चावून चावून. भोवती माणसं उठत-बसत होती, श्रीरंग मुलीला छातीशी धरून उन्हात उभा होता. डिंकाचा लाडू संपला तेव्हा तिने मान वर केली.

"आई, अजून एक वाढा," ती म्हणाली.

सुमित्राबाई उठल्या आणि लाडू आणायला आत गेल्या.